गोट्यांची आंघोळ

दिवाळी जवळ आली की नागपूरच्या आमच्या इमारतीत रंगवाले येतात. डब्याचं झाकण उचकटतात, ब्रश बुडवतात, आणि दुपारपर्यंत जिना नवाकोरा होतो. सून काळजीने विचारते, "आई, वास सहन होतोय ना?" मला तो वासच वाटत नाही. माझ्या लेखी दिवाळीचा वास म्हणजे ओल्या चुन्याचा. कळीचा चुना मडक्यात टाकून वर पाणी ओतलं की तो फसफसायचा, मडकं हात लावू देईना इतकं तापायचं, आणि नाकात एक खरखरीत, थंड वास शिरायचा. तो नुसता आठवला तरी मी उठून एका जुन्या कार्तिकात जाऊन बसते. आयुष्यात कार्तिक पुष्कळ आले, पण हा एकच मला दरवर्षी भेटायला येतो.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. गाव चांदा जिल्ह्यातलं. तेव्हा गडचिरोली, चामोर्शी, सिरोंचा सगळं चांद्यातच मोडायचं. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथल्या लोकांची कुणी थट्टा करील, आणि ती माणसं किती चांगली होती हे आठवायलाच तर मी बसले आहे. लाकडाच्या वखारी आणि धानाच्या गिरण्या यांच्यामुळे गाव वाढलं होतं. गाव वाढलं की सांडपाणी वाढतं, हे तेव्हा आम्हाला कुणाला सुचत नसे. मोरीतून पाणी गेलं की ते आपलं राहिलं नाही, असं सगळेच मानत. अजूनही मानतात. परवा नातवाने संडासातलं पाण्याचं बटण दाबलं आणि मला विचारलं, "आजी, हे कुठे जातं?" मी त्याला उचलून पापा घेतला. इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारा आमच्या घरातला तो पहिलाच. त्याचे आजोबा असते तर त्यांनी त्याला तिथेच मांडीवर घेऊन जेवणवेळेपर्यंत उत्तर दिलं असतं.

त्याचे आजोबा म्हणजे आमचे हे. गावाच्या खालच्या अंगाला सांडपाणी स्वच्छ करायचा एक लहानसा कारखाना नुकताच बांधला होता, त्याचे ते ओवरसियर. वैशाखात आमचं लग्न झालं तेव्हा चामोर्शीला माझ्या माहेरी कुजबूज झाली होती. काकू तर तोंडावरच म्हणाली, "पोरगा शिकेल हाय, दिसाले बी चांगला हाय, पन नौकरी कायची तं म्हने गटाराची! उद्या पोरीच्या घरी पानी कोन पिईन?" बाबांनी तिला गप्प केलं. मी मात्र सासरी जाताना पदराने नाक झाकायची तयारी ठेवूनच गेले होते.

नाक झाकायची वेळ फारशी आली नाही. येणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी वास होता, तो कबूल करायला हवा. तिथे लोखंडी जाळीत गावाचं काय काय अडकायचं: चिंध्या, पत्रावळी, आंब्याच्या कोयी, एकदा तर कुणाची तरी नथ. पुढे पाणी एका हौदात संथ व्हायचं, गाळ तळाशी बसायचा. हा गाळ वाळवला की शेतकरी बैलगाड्या घेऊन खत म्हणून नेत. आणि हौदातलं पाणी मग गोट्यांवर यायचं. अंगणाएवढा गोल कट्टा, छातीएवढा खोल, त्यात मुठीएवढे दगड गच्च भरलेले. वर चार लांब नळ्या. पाण्याच्याच जोराने त्या गोल फिरत आणि दगडांवर पाणी शिंपडत जात. दिवसभर तो आवाज चाले, हलक्या हाताने कुणी सडा टाकत असल्यासारखा. दगडांवर काळी-हिरवी बुळबुळीत साय चढलेली असे. पाणी त्यांच्यामधून झिरपत खाली यायचं तोवर त्याचा रंग आणि वास दोन्ही गेलेले असायचे. गावकरी या सगळ्याला 'गोटेघर' म्हणत. आमचं क्वार्टर त्याच्या कुंपणातच होतं.

गोटेघराचं पाणी जायचं ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्या लोकांच्या, तळ्यात. खरं तर त्या तळ्यासाठीच गोटेघर होतं. पूर्वी गावाचा नाला थेट तळ्यात पडायचा. मासे मेले, शिंगाड्याचे वेल कुजले, आणि तळ्याकाठच्या ढिवरपुऱ्यात दर पावसाळ्यात पटकी यायची. गोटेघर सुरू झालं आणि हळूहळू तळं निवळलं. मी सासरी आले त्या वर्षी कोसाबाईने हिंमत करून दूरच्या तळ्यातून शिंगाड्याचे वेल आणले आणि श्रावणात आमच्या तळ्यात लावले. कोसाबाई म्हणजे ढिवरपुऱ्यातली सगळ्यांत वडीलधारी बाई. उंच, वाळलेली, आणि बोलली की तळ्याच्या पलीकडच्या काठावरचा माणूस वळून बघेल असा आवाज. अख्ख्या ढिवरपुऱ्याचं पोट त्या वर्षी तिच्या वेलांवर होतं. भाद्रपदात अतिवृष्टीने तळ्याची पाळ फुटली आणि बरंच पाणी वाहून गेलं. पाळ बांधून काढली, पण आता तळ्याला आधार फक्त गोटेघराच्या पाण्याचा उरला. हे रोज सकाळी पाळीवर जाऊन उभे राहत आणि कोसाबाई त्यांना विचारी, "का सायब, आज पोटभर पाजता ना माह्या वेलायले?"

आश्विन संपता संपता तळं पानांनी भरून गेलं. शिंगाड्याची पानं पाण्यावर चक्राकार पसरतात, आणि फळ खाली, पाण्यात लपलेलं असतं. डोंग्यात बसून बाया पान उलटं करतात आणि शिंगाडा खुडतात. डोंगा म्हणजे एका लाकडाची कोरलेली नाव. मला एकदा कोसाबाईने बसवलं होतं. मी पान उलटायला गेले तर काटा बोटात घुसला आणि डोंगा असा डुलला की मी किंचाळले. "बाई, चामोर्शीचा धान समजलीस का हा?" ती म्हणाली आणि इतकी हसली की तिनेच डोंगा उलटा केला असता. फळं अजून कोवळी होती. पिकाचा भर दिवाळीनंतर येणार होता.

आणि दिवाळीला आम्ही गावात नव्हतो. लग्नानंतरचा पहिला दिवाळसण, जावयाने सासरी जाणं आलंच. हे जायला तयार नव्हते. "गोटेघर कुणावर सोडू?" शेवटी मारोतीने त्यांना जवळजवळ हाकललं. मारोती गोटेघरातल्या मजुरांचा मुकादम, गोल चेहऱ्याचा, मिशा कानापर्यंत नेलेला. "जा जी सायब, बिनघोर जा. पयला दिवाळसन हाय. आमी हाओ ना इथी!" निघताना यांनी नेहमीचंच सांगितलं: जाळी साफ ठेवा, झाडून ठेवा, स्वच्छता ठेवा. स्वच्छता हा शब्द यांच्या तोंडात दिवसातून किती वेळा यायचा ते मी मोजणं सोडून दिलं होतं.

बसने नदीपर्यंत, वैनगंगा नावेतून, आणि पलीकडे बाबांची रेंगी, हलकी बैलगाडी. दोन्ही बाजूंना धान कापून पडलेला, शेताशेतांत भाऱ्यांचे पुंजणे रचलेले, हवेत नव्या तणसाचा गोड वास. माहेरी जावयाचं कौतुक झालं. काकूने पाटावर बसवून ओवाळलं, आणि वडे वाढता वाढता विचारलंच, "जावईबापू, त्या गटारात नेमकं करता काय जी तुमी?" हे सरळ सांगायला लागले. नाला, हौद, गाळ... बाबांनी खाकरून विषय मंडईवर नेला. भाऊबीज झाल्यावर मंडईची जत्रा भरते, तिथे नाटक असतं, ते बघून जा असा सगळ्यांचा आग्रह. यांनी ऐकलं नाही. भाऊबीज आटोपली तशी आम्ही निघालो.

गोटेघरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. फाटकाशीच मारोती उभा, नवं धोतर नेसलेला. त्याच्यामागे सगळे मजूर, त्यांच्या बायका, पोरंटोरं, सगळे अंघोळ करून, तेल लावून. "सायब, बाई, डोळे मिटा," तो म्हणाला. आम्ही हसत डोळे मिटले. बायकांनी माझा हात धरून पुढे नेलं. "आता उघडा!"

गोल कट्ट्याच्या कडेने पणत्या लावल्या होत्या. पायऱ्यांवर रांगोळी होती. आणि मधे ते दगड, आमचे काळे, बुळबुळीत गोटे, लाह्यांसारखे पांढरेशुभ्र. एकेक गोटा बाहेर काढून विटकरीने घासला होता, राखेने धुतला होता, चुन्याच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवला होता, आणि पुन्हा नीट रचला होता. तळापर्यंत. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत सगळी कुटुंबं हेच करत होती. त्या दिवसांत नाल्याचं पाणी बाजूच्या पडीक रानात सोडून दिलं होतं. "ज्याच्यावर आपली भाकर, त्याले दिवाळीची आंघोळ नाई घालाची का?" मारोती म्हणाला. "मागं ते मोठे सायब आल्ते, तं गोटे पाहून नाकाले रुमाल लावला त्यायनं. मले लय लागलं होतं. आता येऊ द्या म्हना!"

मला ते दृश्य फार सुंदर वाटलं. खोटं का सांगू, अजूनही वाटतं. पणत्यांच्या उजेडात तो पांढरा कट्टा बघून मी टाळ्या वाजवल्या आणि यांच्याकडे वळले. हे खालच्या पायरीवर बसले होते. रांगोळीवरच बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळ्यांत पाणी.

"पाहा वो, सायबाले रडू आलं!" कुणीतरी आनंदाने ओरडलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

हे उठले. मारोतीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फार सुंदर झालंय मारोती. एवढं काम मी कुणाला करताना पाहिलं नाही." मग सगळ्यांनी दिलेला फराळ खाल्ला, पोरांच्या हातात फुलझड्या पेटवून दिल्या, आणि एकेका बाईला विचारून घेतलं की कुणी किती गोटे घासले. क्वार्टरचं दार लावल्यावर म्हणाले, "सगळं मेलं गं. एक दगड जिवंत नाही ठेवला त्यांनी."

मला आधी काहीच कळेना. दगड मरतात कसे? मग यांनी समजावलं. ती काळी साय म्हणजे घाण नव्हती. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहत, आणि पाण्यातली घाण तेच खाऊन टाकत. दगड नुसते त्यांना बसायला पाट. साय चढायला महिनोन्‌महिने लागले होते. "दुधात विरजण असतं ना, तसं," हे म्हणाले, "आणि आपल्या लोकांनी मडकं घासून, चुना लावून ठेवलं." आता त्यांच्यावरून पाणी सोडलं तर घाण तशीच तळ्यात जाणार, वेल कुजणार. आणि नाही सोडलं तर तळं आटणार, मग पानं चिखलावर बसणार, आणि तेही मरणारच. थंडी पडू लागली होती. थंडीत साय लवकर चढत नाही. आधी गोटे जागे होतात की आधी तळं आटतं, एवढाच प्रश्न उरला होता. "त्यांना मी रोज स्वच्छता स्वच्छता म्हणायचो," हे म्हणाले. "दगड काळे का ठेवायचे, ते कधी सांगितलंच नाही."

"मग मघाशी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"दिवाळी होती ना त्यांची," हे म्हणाले.

लग्न वैशाखात झालं होतं. हा माणूस मला आवडला तो कार्तिकात, त्या संध्याकाळी. नंतर आयुष्यभर कितीदा तरी भांडले त्यांच्याशी, भाजीतल्या मिठावरून, मुलांच्या शाळेवरून, पण आतून कधी रागावता आलं नाही. ती 'दिवाळी होती ना त्यांची' मधे यायची.

सकाळी यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं. मारोती ऐकत होता आणि त्याच्या मिशा खाली खाली येत होत्या. शेवटी तो उठला आणि हात जोडून म्हणाला, "मले काढून टाका सायब. माह्या डोक्यातलीच अक्कल होती थे."

"दिवाळीला घर साफ केलं म्हणून कुणाला काढतात का?" हे म्हणाले. "बस खाली. आता आधी हा चुना धुवायचाय."

म्हणजे पुन्हा आंघोळ! चुना राहिला तर त्या जिवांचा निभाव लागणार नव्हता. विहिरीचं पाणी शेंदून शेंदून गोट्यांवर ओतलं, तळातून पांढरं पाणी निघेनासं होईपर्यंत. मीही पदर खोचून गेले. हात चुन्याने सोलवटले, पण गोटेघराची बाई म्हणून मला तिथे प्रथमच कुणी बसा बसा म्हणालं नाही, हे मला फार आवडलं.

कोसाबाईपर्यंत बातमी जायला कितीसा वेळ? पाणी बंद झाल्याचं तिला आधीच दिसलं होतं, पण दिवाळीपुरतंच असेल असं ती समजली होती. गोटेघराचं पाणी ज्या ओहोळाने तळ्यात जायचं, त्याच ओहोळातून ती तरातरा वर आली. ओहोळ कोरडा पडत आला होता, पण तळाच्या गोट्यांवर ओल होती. "काऊन सायब, माह्या वेलायचं पानी कुठी—" एवढं बोलली आणि तिचा पाय सटकला. धप्पकन बसली. मग जी सुरू झाली! गोट्यांची आई काढली, ओहोळाचा बाप काढला, मारोतीच्या सात पिढ्या काढल्या. आम्ही धावलो तिला उठवायला. हे धावले, वाकले, आणि तिला उठवायच्या ऐवजी तिच्या पायाखालचा गोटा उचलून बघू लागले. काळा, हिरवट, बुळबुळीत. आणि हसायला लागले.

"मी पडलो तं हासून राह्यला का रे?" कोसाबाई कडाडली.

"कोसाबाई, तुम्ही विरजणावर पडलात!" हे म्हणाले.

इतके दिवस गोटेघरातून निघणारं पाणी त्या ओहोळातूनच वाहत होतं. थोडी साय त्याच्या दगडांवरही चढली होती, आणि तिकडे कुणाची विटकर पोचली नव्हती. ते दगड वाळायच्या आत उचलून कट्ट्यावर पसरायला हवे होते. हे समजावून सांगू लागले, पण कोसाबाईने अर्ध्यातच हात वर केला. "समजलं मले. दही मी बी लावतो." ती कंबर धरून उठली, पाळीवर चढली आणि तिने ढिवरपुऱ्याकडे तोंड करून हाक दिली. घटकाभरात सगळ्या बाया टोपल्या घेऊन हजर झाल्या. ओहोळ ते कट्टा, डोक्यावर बुळबुळीत गोट्यांची टोपली, पाणी गालावर ओघळतंय, आणि तोंडं चालू. "गौरीले डोक्यावर घेतो, तसंच हाय हे," एक जण म्हणाली. "गौरीले असा वास नाई येत वो," दुसरी म्हणाली. मारोती टोपली उतरवून घ्यायला उभा होता. त्याला प्रत्येक बाईने काही ना काही सुनावलं. तो खाली मान घालून 'हो बाई, हो बाई' म्हणत एकेक गोटा अंड्यासारखा ठेवत गेला.

मग वाट बघणं सुरू झालं. पाणी सोडलं, नळ्या फिरू लागल्या. पांढऱ्या दगडांवर कुठेकुठे काळे ठिपके. खालून निघायचं ते पाणी अजून गढूळ, म्हणून ते पडीक रानातच जात होतं, आणि वारा फिरला की गावात वास. लोक नाक धरून यायचे, बोलून जायचे. उत्तरेकडून गार वारा येई, म्हणून यांनी बुरडांकडून बांबूचे तट्टे करून घेतले आणि कट्ट्याच्या त्या अंगाला उभे केले. मी सकाळी उठून आधी दगड बघायला जायची. बोट फिरवायची. कोरडा खरखरीत चुनाच लागायचा. ज्या बुळबुळीतपणाची मला वैशाखात किळस आली होती त्याच्यासाठी मी कार्तिकात जीव पाखडत होते.

तळं रोज थोडं मागे सरकत होतं. आधी काठाला ओल्या चिखलाची एक पट्टी दिसली. मग ती रुंद झाली. तिच्यावर शिंगाड्याची पानं बसली, दुपारपर्यंत कोमेजली. डोंगे काठावर पालथे घातले. बगळे चिखलात फिरू लागले. कोसाबाई पाळीवर बसून राही. ओरडायची नाही आता. ती ओरडत नव्हती याचीच सगळ्यांना भीती वाटे. यांना बघून फक्त विचारी, "झाले का जागे?" हे नकाराची मान हलवत. त्यांचं जेवणही सुटत चाललं होतं.

माणसाच्या हातात काही नसतं तेव्हा तो किती हलका होतो आणि किती जड होतो, हे मी तेव्हा पाहिलं. पुढे मुलांच्या आजारपणात, यांच्या शेवटच्या दुखण्यात, मी तशीच बसले. काही गोष्टींना आपण घासूनपुसून घाई करू शकत नाही. पाणी घालायचं, वारा अडवायचा, आणि बसायचं.

एके सकाळी मी दूध तापवत होते आणि बाहेरून यांची आरोळी आली. "अगं, माशा! माशा आल्या!" मी दूध तसंच टाकून धावले. कट्ट्यावर बारीक करड्या माशा भिरभिरत होत्या. पावसाळ्यात याच माशांनी मला रडवलं होतं. पिठात पडायच्या, दिव्यावर यायच्या. गोट्यांवर साय असली की त्या येतात, नसली की येत नाहीत. हे त्यांच्यामधे उभे, माशा केसांत, भुवईवर, आणि माणूस खुळ्यासारखा हसतोय. मारोतीने एक गोटा उचलला, बोट फिरवलं, आणि बोट मला दाखवलं. बोटावर काळं होतं. "बाई, जमलं जी," तो म्हणाला, आणि ढसाढसा रडला.

त्यानंतर पाणी दिवसागणिक निवळत गेलं. बाटलीत धरलं की पलीकडचा हात दिसू लागला. पण तळ्यात सोडायचा धीर यांना होईना. दिसायला स्वच्छ असलेलं पाणी आतून कसं असेल? नागपुरात तपासून घ्यायला हवं होतं, आणि तळ्याजवळ तेवढा वेळ नव्हता. मधल्या खोल भागातले वेल तेवढे हिरवे उरले होते. हे कोसाबाईकडे गेले आणि म्हणाले, "बारीक मासोळ्या द्या थोड्या. गोटेघराच्या पाण्यात ठेवून बघतो. जगल्या तर सोडू."

"आन् नाई जगल्या तं?" कोसाबाईने विचारलं.

यांनी रिकामं मडकं पुढे केलं. तिने जाळ्यातून ओंजळभर मासोळ्या मडक्यात घातल्या.

मडकं आमच्या स्वयंपाकघरात ठेवलं. मांजर होतं, म्हणून वर परात आणि परातीवर वरवंटा. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा दारात मारोती, कोसाबाई आणि तिच्यामागे ढिवरपुऱ्यातल्या बाया. आत यायला कुणी तयार नाही. हे मडक्याजवळ गेले, परातीला हात लावला, आणि मागे सरले. "तू काढ," मला म्हणाले.

मी वरवंटा उचलला, परात सरकवली. पाणी काळोखं होतं. काहीच हलेना. मी मडकं उजेडाकडे कलतं केलं, आणि तळाशी चांदीची एक रेघ चमकली. मग दुसरी. मग सगळ्या एकदम वर आल्या आणि तोंडांची उघडझाप करू लागल्या.

"भुका लागल्या त्यायले," कोसाबाई म्हणाली. तिने मडकं कडेवर घेतलं. "यायले आता नाई खानार मी. चाला."

ओहोळाच्या तोंडाशी लाकडी फळी होती, ती मारोतीने वर ओढली. पाणी निघालं. कोरड्या ओहोळातून ते हळूहळू चाललं, पुढे वाळलेली पानं आणि धुळीचा फेस ढकलत, खळग्यांत थांबत, भरून पुन्हा निघत. आम्ही सगळे काठाकाठाने त्याच्याबरोबर चालत होतो. ओहोळ तळ्याला मिळतो तिथे भेगाळलेल्या चिखलात कोसाबाई अनवाणी जाऊन उभी राहिली. पाणी तिच्या पायांशी आलं, बोटांमधून गेलं, घोट्यांवर चढलं. तिने वाकून ओंजळ भरली. नाकाशी नेली. बराच वेळ तशीच धरली. हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

तिने ओंजळ वेलांच्या दिशेने सोडली, मडक्यातल्या मासोळ्या पाण्यात ओतल्या, आणि तिचा तो जुना आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला:

"पाहात काय उभ्या राह्यल्या वो पोरीहो? डोंगे काढा!"

सगळ्यांत आधी धावला तो मारोती. चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला, पडला, उठला आणि पालथ्या डोंग्याला खांदा लावला. मग बाया धावल्या, पोरं धावली, हसणं, ओरडणं, शिव्या, सगळं एकदम सुरू झालं. अर्धे वेल गेले होते, अर्धे राहिले होते, आणि राहिलेल्यांकडे पहिला डोंगा निघाला होता. हे मात्र जागचे हलले नाहीत. पुरुषाने बायकोशी चारचौघांत धड बोलूही नये असा तो काळ, आणि आमचे हे तर स्वभावानेच भिडस्त. पण डोंगा तरंगून पुढे जाईपर्यंत त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता, सगळ्यांदेखत.